एकाच घरात डेंग्यू, मग मुलगाच आयसीयूत का?

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. घरात माणसं चार. पावसाळ्याच्या शेवटी पंधरा दिवसांच्या आत चौघांनाही डेंग्यू झाला. वडिलांना दोन दिवस ताप आणि अंगदुखी. बायकोला काहीच त्रास नाही, सगळ्यांची रक्तं तपासली म्हणून तिचं कळलं. सदुसष्ट वर्षांच्या आईला थोडी कणकण. आणि अकरा वर्षांचा मुलगा, जो रोज संध्याकाळी फुटबॉल खेळतो, कधी फारसा आजारी पडत नाही, तो पाचव्या दिवशी आयसीयूत. आता तो बरा होऊन घरी आलाय. वडिलांचं म्हणणं असं: "म्हणजे ह्याची इम्युनिटी कमी आहे का? गुळवेल, पपईच्या पानांचा रस आणि च्यवनप्राश सुरू केलंय. अजून काय देऊ? परत डेंग्यू झाला तर काय?"

मी गेली बरीच वर्षं नाशिक भागात फिजिशियन म्हणून काम करतो आणि दर ऑगस्ट ते नोव्हेंबर हा प्रश्न माझ्यासमोर खुर्चीत बसलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नाखाली एक समजूत आहे: प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, कुणाची भरलेली, कुणाची अर्धी, आणि जो जास्त आजारी पडला त्याची टाकी रिकामी. काही आजारांत हे थोडंफार खरंही ठरतं. डेंग्यूत मात्र बहुतेक वेळा उलट घडतं. तुमच्या मुलाच्या शरीरानं प्रतिकार कमी केला नाही, फार जोरात केला, आणि तोही जुन्या ओळखीवर विसंबून. त्याचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याबाबतीत नेमकं हेच झालं असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अकरा वर्षांचं धडधाकट मूल, पाचवा दिवस, एकदम ढासळणं, हे चित्र माझ्या ओळखीचं आहे आणि त्यामागचं कारणही बऱ्यापैकी माहीत आहे.

आधी एक शंका बाजूला करू. मुलाला 'जास्त कडक' विषाणू लागला असेल का? एडिस डास दिवसा चावतो, आणि एकाला चावताना हाकलला तर शेजारच्याला चावून पोट भरतो. त्यामुळे एकाच घरात पंधरा दिवसांत झालेल्या केसेसमध्ये विषाणू बहुधा एकच असतो. फरक पडला तो माणसांमध्ये.

आणि माणसांमधला सगळ्यात मोठा फरक म्हणजे आधी डेंग्यू होऊन गेलाय का, हा. विषाणूचे चार प्रकार आहेत, डेन-१ ते डेन-४. एक प्रकार होऊन गेला की त्याच्याविरुद्ध जवळजवळ जन्मभराचं संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांविरुद्ध मिळतं ते काही महिन्यांचं, फार तर दोनेक वर्षांचं. ते ओसरलं की अडचणीचा काळ सुरू होतो. पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांना, म्हणजे अँटीबॉडींना, नवा प्रकार ओळखीचा वाटतो. त्या त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. आता ज्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून संपवतात, त्या पेशी अँटीबॉडीची शेपटी पकडून आत ओढतात. शेपटीबरोबर जिवंत विषाणूही आत जातो, आणि डेंग्यूला वाढायला नेमक्या ह्याच पेशी लागतात. आत गेल्यावर पेशीची पहिली धोक्याची घंटा, म्हणजे इंटरफेरॉन, हीसुद्धा मंद पडते. विषाणू भराभर वाढतो. जुनी आठवण असलेल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकाराच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्याही जाग्या होतात. त्यांनाही हा नवा प्रकार अर्धवटच ओळखता येतो, पण रासायनिक संदेश मात्र त्या भरपूर सोडतात. विषाणूचं एनएस-१ नावाचं प्रथिन, जे आपण पहिल्या दिवसांत तपासतो तेच, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सैल करतं. ह्या सगळ्याचा परिणाम म्हणून रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं तर्कशास्त्र नाही. क्यूबाचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण निसर्ग क्वचित देतो. तिथे १९७७ साली डेन-१ ची मोठी साथ आली, सौम्य. १९८१ साली डेन-२ आला. सुमारे ३ लाख ४४ हजार रुग्ण, १५८ मृत्यू, त्यातली १०१ मुलं. पण जी मुलं पहिल्या साथीनंतर जन्मली होती, म्हणजे ज्यांना डेन-१ कधी भेटलाच नव्हता, ती गंभीर आजारातून जवळपास सुटली. पुढे १९९७ साली सँटियागो दे क्यूबा शहरात पुन्हा डेन-२ आला. ह्या वेळी गंभीर आजार झाला तो मोठ्यांना. १२ मृत्यू झाले, बाराच्या बारा प्रौढ. ज्या मुलांच्या अंगात जुनी आठवण नव्हती, त्यांना ताप आला आणि गेला. 'लहान मूल म्हणजे कमजोर' हा हिशेब तिथे साफ चुकला.

दुसरा पुरावा बँकॉकच्या वॉर्डांतून आला. तिथे सहा ते नऊ महिन्यांची बाळं पहिल्याच संसर्गात गंभीर होताना दिसली. त्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता, पण आईला झालेला होता. आईच्या अँटीबॉडी बाळात उतरतात. पहिले काही महिने भरपूर असतात आणि बाळाला वाचवतात. पुढे त्या कमी होत जातात, आणि एका पातळीला पोचल्या की संरक्षण उरत नाही, नुसतं चिकटणं उरतं. निकाराग्वामधल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातही, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, हेच दिसलं: अँटीबॉडी खूप असलेली मुलं सुरक्षित, अजिबात नसलेलीही बऱ्यापैकी सुरक्षित, आणि मधल्या पातळीवरची मुलं सगळ्यात धोक्यात. म्हणून 'अँटीबॉडी आहेत की नाहीत' एवढं विचारून भागत नाही. किती आहेत, कोणत्या प्रकाराविरुद्ध आहेत आणि किती जुन्या आहेत, हे सगळं मोजावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मुलाला आधी डेंग्यू झालाच नव्हता. इथे बहुतेक पालक अडखळतात. डेंग्यूच्या दर चार संसर्गांपैकी साधारण तीन कळतच नाहीत, किंवा एक-दोन दिवसांचा 'व्हायरल' म्हणून निघून जातात. आयसीएमआर ह्या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०१७-१८ मध्ये पंधरा राज्यांत ५ ते ४५ वर्षांच्या लोकांची रक्तं तपासली, तेव्हा ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेलेला होता. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नसणार. तुमच्या मुलाचा पहिला डेंग्यू कदाचित पहिली-दुसरीत असताना, शाळा दोन दिवस बुडवून, क्रोसिन घेऊन होऊन गेला असेल.

त्याच्या फाइलमध्ये आयजीएम आणि आयजीजी (अँटीबॉडींचे दोन प्रकार) असे दोन रिपोर्ट असतील तर काढून बघा. पहिल्यांदाच डेंग्यू झालेल्या माणसात चौथ्या-पाचव्या दिवशी आयजीएम वर यायला लागतं आणि आयजीजी जवळपास शून्य असतं. ते आठवड्यानंतर हळूहळू येतं. दुसऱ्या वेळी आयजीजी चौथ्या-पाचव्या दिवशीच उंच असतं. पाचव्या दिवशीचा आयजीजी ठळक पॉझिटिव्ह असेल, तर वर लिहिलेली गोष्ट तुमच्याच घरची आहे असं समजायला हरकत नाही.

आता बाकीच्या तिघांकडे वळू. आईंचं वय जास्त असूनही त्या हलक्यात सुटल्या, ह्याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. त्यांनी इतक्या वर्षांत बहुधा दोन किंवा जास्त प्रकार पचवलेले असतील, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळचा डेंग्यू सहसा सौम्य जातो. अर्थात हे वयाचं कौतुक नाही. त्यांना मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असता, तर हाच विषाणू त्यांना जड गेला असता. माझ्याकडे म्हाताऱ्या माणसांत डेंग्यू बिघडतो तो बरेचदा ह्याच वाटेनं. ताप नावालाच असतो आणि साखर, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, बीपी कोलमडतं. तुमच्या पत्नीबद्दल रिपोर्ट न बघता काही सांगणं कठीण आहे. त्यांचा पहिला शांत संसर्ग असू शकतो, तिसराही असू शकतो.

मुलांचं आणखी एक आहे. त्यांच्या बारीक रक्तवाहिन्या मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त झिरपणाऱ्या असतात. त्यामुळे तेवढ्याच दाहाला मूल लवकर शॉकमध्ये जातं, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त पुरत नाही, तर मोठ्या माणसात रक्तस्राव आणि अवयवांवरचा ताण जास्त दिसतो. वजनाचाही संबंध आहे. कुपोषणामुळे डेंग्यू बिघडतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात थायलंडच्या डॉक्टरांना आधीपासून दिसत होतं की शॉकमध्ये येणारी मुलं बरेचदा छान पोसलेली असतात, आणि लठ्ठ मुलांत धोका वाढतो हे नंतरच्या अभ्यासांतही आलं. जनुकांचा वाटा आहेच. व्हिएतनाममधल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात २०११ साली एमआयसीबी आणि पीएलसीई-१ ह्या दोन जनुकांतले फरक डेंग्यू शॉकशी जोडलेले आढळले. पहिलं विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या पेशींशी संबंधित आहे, दुसरं रक्तवाहिन्यांच्या पडद्याशी. पण ह्या जनुकांचा परिणाम लहान आहे. ती तपासून घेण्याच्या भानगडीत पडू नका, उपचारात काही बदलत नाही.

दोन संसर्गांत किती अंतर गेलं, आधी कुठला आणि नंतर कुठला प्रकार आला, यानंही फरक पडतो. आणि अलीकडे ह्यात झिका विषाणू येऊन बसलाय. तो डेंग्यूचा भाऊबंद. निकाराग्वात असं दिसलं की आधी झिका होऊन गेलेल्या मुलांत नंतरचा डेन-२ जास्त त्रासदायक ठरला. महाराष्ट्रात झिका २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात, त्यामुळे आपल्यालाही हा विषय परका राहिलेला नाही.

इथवरचं एका वाक्यात: तुमच्या मुलाच्या आजाराचा जोर ठरवला तो बहुधा जुन्या संसर्गाच्या आठवणीनं, त्याच्या वयानं आणि थोड्या जनुकीय नशिबानं. त्याच्या जेवणातल्या कमतरतेनं किंवा तुमच्या हलगर्जीपणानं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण मुलगा आयसीयूत असताना आई-वडील स्वतःला किती बोल लावून घेतात ते मी रोज बघतो.

हाच नियम सगळ्या विषाणूंना मात्र लावू नका. गोवरात चित्र वेगळं. तिथे कुपोषण आणि 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता मुलाला खरोखर मारते, म्हणून गोवर झालेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला साथ आली तेव्हा ते पुन्हा समोर आलं. शिवाय गोवर जुन्या अँटीबॉडींचा बराचसा साठाच पुसतो. कोविडमध्ये आणखी तिसरी तऱ्हा. २०२० साली अतिगंभीर ९८७ रुग्णांच्या अभ्यासात १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी सापडल्या, आणि त्यातले बहुसंख्य पुरुष होते. तिथे पहिली घंटाच बंद पडलेली होती. साध्या सर्दीत तर झोपेनंसुद्धा फरक पडतो. १६४ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या एका अभ्यासात रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. म्हणून कुणी 'इम्युनिटी वाढवा' म्हणालं की मी आधी विचारतो, कुठल्या विषाणूसाठी आणि प्रतिकाराचा कुठला भाग?

आता तुम्ही सुरू केलेल्या गोष्टी. पपईच्या पानांच्या रसानं प्लेटलेट थोड्या लवकर वर येतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण मुलाला शॉकमध्ये नेलं ते प्लेटलेटनं नव्हे, पाण्याच्या गळतीनं, आणि ती ह्या रसानं थांबते असा पुरावा नाही. शिवाय तो इतका कडू की आधीच मळमळणारं मूल उलटी करतं आणि तोंडानं जाणारं पाणीही बंद होतं. गुळवेलीबाबत २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा रुग्णांतला यकृताचा दाह नोंदवला होता. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. माझं मत विचाराल तर डेंग्यूत यकृताला आधीच सूज असते, त्यामुळे निदान दोन-तीन महिने तरी मुलाला काढे देऊ नका. च्यवनप्राश चमचाभर खाल्लं तर हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. स्टेरॉइडनं प्रतिकाराचा अतिरेक दाबता येईल ही कल्पना तर्काला धरून आहे, पण चाचण्यांत फायदा दिसलेला नाही.

खरा फायदा होतो तो वेळ ओळखल्यानं. हे नीट वाचा, कारण घरोघरी घोटाळा इथेच होतो. विषाणू रक्तात सगळ्यात जास्त असतो पहिल्या दोन-तीन दिवसांत, तापाच्या वेळी. गळती सुरू होते ती ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आणि टिकते २४ ते ४८ तास. म्हणजे जास्त नुकसान करतो तो विषाणू नव्हे, त्याच्यावर उठलेला प्रतिकार, आणि तो शिगेला पोचतो तेव्हा थर्मामीटर नॉर्मल दाखवत असतो. आई म्हणते, "आज ताप नाही, सोडा ना डॉक्टर." त्याच सकाळच्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशींच्या रिपोर्टवर, सगळ्यांची नजर 'पेशी किती', म्हणजे प्लेटलेट किती, ह्यावर: काल १ लाख ४० हजार, आज ६२ हजार. पण त्याच कागदावर वर पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, लिहिलेलं असतं, काल ३६, आज ४४. रक्तातलं पाणी बाहेर गेलं म्हणून रक्त घट्ट झालं. मला घाबरवतो तो हा आकडा. तसंच बीपीचं. नर्स सांगते १००/८०, आणि घरच्यांना ते चांगलं वाटतं. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर वीसवर आलंय म्हणजे मुलाचं शरीर रक्तवाहिन्या आवळून कसंबसं बीपी धरून आहे. हात लावला तर तळवे गार असतात, मूल शांत पडून असतं, सहा तासांत लघवी झालेली नसते. ह्या टप्प्यावर मोजून-मापून दिलेलं सलाईन जीव वाचवतं. कमी पडलं तर शॉक, आणि जास्त झालं तर दोन दिवसांनी तेच पाणी परत येऊन फुप्फुसात साठतं. प्लेटलेटच्या पिशव्या शोधत रात्री शहर पालथं घालणारे नातेवाईक मी दरवर्षी बघतो. रक्तस्राव नसताना नुसता आकडा कमी म्हणून त्या चढवून रक्तस्राव टळत नाही, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सिंगापूर आणि मलेशियातल्या प्रौढांवरच्या चाचणीत स्पष्ट झालंय.

लशीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्न त्याच धाग्यातला आहे. डेंग्यूची पहिली मान्यताप्राप्त लस फिलिपिन्समध्ये २०१६ पासून शाळेतल्या आठ लाखांहून जास्त मुलांना दिली गेली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता, त्यांच्यात लशीनंतरचा खरा संसर्ग जास्त गंभीर होऊ शकतो. लशीनं पहिल्या संसर्गाची जागा घेतली होती. कार्यक्रम थांबवावा लागला. म्हणून आता चारही प्रकारांविरुद्ध सारखं संरक्षण देणाऱ्या लशीवर इतका भर आहे. भारतात 'डेंगीऑल' ह्या एकाच डोसच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला सुरू झाली. लस बाजारात आली की घाई न करता, मुलाचे जुने रिपोर्ट घेऊन डॉक्टरांशी बोला.

शेवटी तुमचा प्रश्न: परत झाला तर? मुलाचा हा दुसरा डेंग्यू असेल तर पुढचा इतका गंभीर होण्याची शक्यता कमी आहे. शून्य नाही, पण कमी. मला जास्त काळजी तुमची वाटते. तुम्हाला दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून 'आपली इम्युनिटी भारी' असा निष्कर्ष काढू नका. तुमचा हा पहिलाच संसर्ग असेल, तर पुढच्या वेळी मुलाच्या जागी तुम्ही असू शकता. तुमच्या पत्नीलाही हेच लागू. दोघांचेही आयजीएम-आयजीजी रिपोर्ट ह्या वर्षाच्या तारखेसह मुलाच्या फाइलला लावून ठेवा. पुढे कधीही पावसाळ्यात ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा की आधी डेंग्यू होऊन गेलाय. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, ॲस्पिरिन, दुखण्याची इंजेक्शनं नकोत. तिसऱ्या दिवसापासून रोज सीबीसी, आणि त्यात पीसीव्ही आदल्या दिवसापेक्षा किती चढलं ते विचारा. ताप उतरल्यावर दोन दिवस घरी जास्त लक्ष: पोटात सतत दुखणं, दिवसात तीन-चार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, ग्लानी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं. ह्यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी निघा.